चूक झाली तर काय होईल?

समाजमाध्यमे वापरता न येणारी माणसे बुद्धीने कमी असतात, असे उघडपणे कोणी म्हणत नाही. पण घरोघरी त्यांना मिळणारी वागणूक तसेच सुचवते. वस्तुतः ज्या गृहस्थाने तीस-पस्तीस वर्षे सरकारी कचेरीत हिशेबाच्या वह्या बिनचूक ठेवल्या, ज्या शिक्षिकेने दोन पिढ्यांना व्याकरण शिकवले, ज्या पेटीवादकाची बोटे अंधारातही नेमक्या पट्टीवर पडतात, तीच माणसे हाताच्या तळव्याएवढ्या काचेवर बोट टेकवताना बिचकतात. या भीतीला कारण आहे. शाई सांडली तर एक कागद वाया जातो आणि पट्टी चुकली तर क्षणभर बेसूर होते. या चुकांची धाव कुठवर जाते ते ठाऊक असते. फोनवर चुकून काही दाबले गेले तर ते कोणापर्यंत पोहोचेल, परत घेता येईल की नाही, बँकेतील पैसे जातील की काय, यांपैकी काहीच ठाऊक नसते. ज्या चुकीची मर्यादा कळत नाही, तिला घाबरणे हे शहाणपणाचेच लक्षण म्हणावे लागेल.

म्हणून नवशिक्याला ‘घाबरू नका’ असे सांगून काही साधत नाही. कोणती चूक स्वस्त आहे आणि कोणती महाग, हे त्याला सांगावे लागते. समाजमाध्यमांवरील बहुतेक चुका स्वस्त असतात. महाग चुका थोड्याच आहेत, पण त्या फार महाग आहेत. ही वाटणी एकदा मनात पक्की झाली की बोटांची भीती आपोआप कमी होते आणि सावधगिरी जिथे हवी तिथेच राहते.

शिकवणाऱ्याचा हात

घरातील शिकवणी बहुधा एकाच ठिकाणी बिघडते. आजोबा नातवाला विचारतात, नातू फोन हातात घेतो, त्याचा अंगठा चार-पाच ठिकाणी विजेसारखा फिरतो आणि ‘झाले बघा’ म्हणून तो फोन परत देतो. काम झालेले असते, पण आजोबा काहीच शिकलेले नसतात. उलट, हे आपल्याला जमण्यातले नाही, एवढेच त्यांच्या मनावर ठसते. पुढच्या वेळी विचारण्याचाही संकोच वाटतो. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांच्या बाबतीत तर हा संकोच दुप्पट होतो, कारण मुलाला फोन करायचा तो फोनविषयीच्या तक्रारीसाठी, हे बरे दिसत नाही.

यावरचा उपाय साधा आहे: शिकवताना फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहावा. शिकवणाऱ्याने बोटाने दाखवावे, स्वतः दाबू नये. एका बैठकीत एकच गोष्ट घ्यावी. फोटो पाठवणे हा एका दिवसाचा धडा आणि आलेला फोटो शोधून काढणे हा दुसऱ्या दिवसाचा. शिकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत वहीत टिपण करावे. मात्र ‘खाली डावीकडचे दुसरे बटण’ असे लिहिलेले टिपण चार महिन्यांत निकामी होते, कारण अ‍ॅप अद्ययावत झाले की बटणांच्या जागा बदलतात. त्यापेक्षा खुणांचे अर्थ लिहून ठेवावेत. तीन टिंबे म्हणजे ‘आणखी पर्याय’, दातेरी चक्र म्हणजे ‘सेटिंग’, कागदाची टाचणी म्हणजे ‘सोबत काही जोडणे’, वळलेला बाण म्हणजे ‘पुढे पाठवणे’. या खुणा बहुतेक अ‍ॅपमध्ये त्याच अर्थाने येतात. वहीत एकच गोष्ट लिहू नये, ती म्हणजे बँकेचा किंवा यूपीआयचा पिन.

सरावासाठी जागाही हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२ सालापासून स्वतःच्याच क्रमांकाला संदेश पाठवण्याची सोय आहे. पाटी-पेन्सिलीच्या वयात पाटी जशी पुसता येत होती, तशी ही पाटी. तिथे फोटो टाकावा, आवाज मुद्रित करावा, चुकीचे लिहावे आणि पुसावे; पाहणारे दुसरे कोणी नसते. एकटे बसून शिकणे कंटाळवाणे वाटत असेल तर समवयस्क दोघांनी मिळून शिकावे. नातवापेक्षा शेजारचा नवशिका अधिक चांगला सोबती ठरतो, कारण त्याचाही अंगठा हळूच चालतो.

स्वस्त चुका

चुकीच्या माणसाला संदेश गेला, तर व्हॉट्सअ‍ॅपवर तो सुमारे दोन दिवसांपर्यंत सर्वांच्या फोनमधून काढून टाकता येतो. संदेशावर बोट दाबून धरायचे, कचऱ्याच्या डब्याची खूण निवडायची आणि पुढे येणाऱ्या पर्यायांपैकी ‘सर्वांसाठी काढा’ या अर्थाचा पर्याय घ्यायचा. घाईत ‘फक्त माझ्यासाठी काढा’ दाबले गेले, तर संदेश समोरच्याकडे राहतो आणि आपल्याला मात्र दिसेनासा होतो. अशा वेळी खाली काही सेकंद ‘पूर्ववत करा’ अशी पट्टी येते, ती लगेच दाबावी. संदेश काढून टाकल्याची खूण तेवढी मागे उरते आणि समोरच्याने तो आधीच वाचलेला असू शकतो, एवढे लक्षात ठेवावे. शब्द चुकला असेल तर पंधरा मिनिटांच्या आत तो दुरुस्त करता येतो. कोणाला चुकून फोन लागला तर तोडावा. ‘चुकून लागला’ एवढे कळवले की विषय संपतो. गटातून चुकून बाहेर पडले तर गटप्रमुख पुन्हा आत घेऊ शकतो.

एक चूक मात्र स्वस्त असूनही मनाला लागते. शोकवार्तेखाली पुष्कळ ज्येष्ठ मंडळी डोळ्यांतून पाणी ओघळणारा पिवळा चेहरा टाकतात. तो रडण्याचा वाटतो, पण असतो हसून हसून डोळ्यांत पाणी आल्याचा. तोंड उघडे आणि दात दिसत असतील तर तो चेहरा हसरा समजावा. शंका असेल तेव्हा जोडलेले हात पुरतात, आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द लिहिता येत असतील तर हातांचीही गरज नाही.

निळ्या खुणांवरूनही उगाच रुसवेफुगवे होतात. एक करडी खूण म्हणजे संदेश निघाला, दोन करड्या म्हणजे पोहोचला आणि दोन निळ्या म्हणजे वाचला. मात्र समोरच्याने सेटिंगमध्ये ही सोय बंद केलेली असेल तर त्याने वाचूनही निळी खूण दिसत नाही. तेव्हा ‘तीन दिवस झाले, अजून वाचलेही नाही’ हा निष्कर्ष काढण्याची घाई नसावी.

कोण पाहते?

नवशिक्याने प्रत्येक वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारला तरी निम्मे शिक्षण झाले: हे कोण पाहणार आहे? एका व्यक्तीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश म्हणजे बंद पाकिटातील पत्र. २०१६ पासून हे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणाला, खुद्द कंपनीलाही, वाचता येऊ नयेत अशी सांकेतिक व्यवस्था त्यात आहे. अर्थात पत्र मिळालेला माणूस ते चारचौघांना दाखवू शकतो, तसेच इथेही. गटातील संदेश म्हणजे देवळाच्या सभामंडपात बोलणे. गटात एक हजारापर्यंत माणसे असू शकतात आणि त्या सर्वांना एकमेकांचे फोन क्रमांक दिसतात, हे पुष्कळांच्या गावीही नसते. फेसबुकवरील सार्वजनिक मजकूर म्हणजे तर बाजारातील फलक. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही वाचावा.

फेसबुकवर लिहिण्यापूर्वी आपल्या नावाखालची लहानशी खूण पाहावी. पृथ्वीगोल असेल तर सर्व जगाला, दोन माणसे असतील तर मित्रयादीला आणि कुलूप असेल तर फक्त स्वतःला दिसेल. ही खूण दाबून बदलता येते. इथे एक खाच मात्र आहे. दुसऱ्याच्या मजकुराखाली लिहिलेली प्रतिक्रिया कोणाला दिसावी, हे आपण ठरवत नाही. मूळ मजकूर जितक्यांना दिसतो तितक्यांना ती दिसते. त्यामुळे वृत्तपत्राच्या किंवा बँकेच्या पानावरील बातमीखाली कोणी भाबडेपणाने आपला खाते क्रमांक घालून तक्रार लिहितो, तेव्हा ती तक्रार भामटेही वाचत असतात. ते थोड्याच वेळात ‘बँकेचा मदतनीस’ बनून संपर्क साधतात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’ या विभागात आपला फोटो, शेवटची हजेरी आणि स्टेटस कोणी पाहावे हे ठरवता येते. त्याच ठिकाणी आपल्याला गटात कोणी घ्यावे, याचाही पर्याय आहे. तो ‘सर्व जण’ वरून ‘माझे संपर्क’ वर आणला की अनोळखी माणसाने शेअर बाजाराच्या कसल्याशा गटात परस्पर ओढून नेण्याचा त्रास बराच कमी होतो. फोटोंच्या बाबतीत दोनच पथ्ये पुरेत: लहान मुलांचे फोटो जगजाहीर टाकू नयेत आणि सगळे कुटुंब तीर्थयात्रेला गेलेले असताना तिथूनच फोटो टाकून घर बंद असल्याची दवंडी पिटू नये. घरी परतल्यावर टाकलेला फोटोही तितकाच सुंदर दिसतो.

देवनागरीची अडचण

गोव्यातील वाचकाची आणखी एक अडचण असते आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. ज्यांचे मराठी लेखन वळणदार, ज्यांची पत्रे नातेवाईक जपून ठेवत, अशी माणसे समाजमाध्यमांवर मुकी होतात. रोमी अक्षरांत मराठी लिहिणे त्यांना रुचत नाही आणि देवनागरी टंकायचे कसे ते कळत नाही. मग उरतात अंगठे, फुले आणि दुसऱ्याने बनवलेली सुविचारांची चित्रे. सुप्रभाताच्या चित्रांची आपण थट्टा करतो खरी, पण त्यांतील निम्म्यांमागे लिहिता न येण्याची कुचंबणा असते.

अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा आधीच असलेल्या गूगलच्या कळफलकात मराठी भाषा जोडता येते. तिचे दोन प्रकार नवशिक्याच्या उपयोगाचे आहेत. एकात रोमी अक्षरांत ‘नमस्कार’ टंकले की देवनागरीत ‘नमस्कार’ उमटते. ज्यांना इंग्रजी कळांची सवय आहे त्यांना हा सोपा. दुसऱ्यात कळांवरच देवनागरी अक्षरे असतात. शुद्धलेखनाचा आग्रह असलेल्यांनी हाच घ्यावा, कारण ऱ्हस्व-दीर्घ आपल्याच हाती राहते. संगणकावर ज्यांना लिहायचे आहे त्यांच्यासाठी इनस्क्रिप्ट हा १९९१ साली राष्ट्रीय मानक ठरलेला कळफलक आहे. त्यात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. वर्णमाला पाठ असलेल्याला ही रचना इंग्रजी कळफलकापेक्षा लवकर उमगते.

बोटे थरथरत असतील किंवा दृष्टी अधू असेल, तर कळफलकावरील मायक्रोफोनची खूण दाबून बोलावे, अक्षरे उमटत जातात. घरात कोकणी बोलणाऱ्याने मात्र थोडी काळजी घ्यावी. मराठी निवडून बोलताना मध्येच कोकणी क्रियापद आले की यंत्र त्याचे भलतेच काही करून ठेवते, म्हणून पाठवण्यापूर्वी एकदा वाचावे. चार दिवसांच्या सरावाने पहिले पूर्ण वाक्य स्वतःच्या भाषेत लिहून पाठवले, की शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो फरक पडतो तो कोणत्याही सेटिंगने पडत नाही. शिकवणाऱ्यांनी पहिला धडा फोटोचा न घेता कळफलकाचाच घ्यावा, तो याचसाठी.

मराठी लिहिता येऊ लागले की व्यवहारालाही उपयोग होतो. घरी आगळ, आमसुले, पापड-लोणची करणाऱ्या महिलांसाठी व्हॉट्सअ‍ॅपचे व्यवसायासाठीचे वेगळे अ‍ॅप भारतात २०१८ पासून मोफत आहे. त्यात मालाचे फोटो आणि दर एकदाच मांडून ठेवता येतात, म्हणजे मानकुरादाच्या हंगामात प्रत्येक गिऱ्हाईकाला तोच भाव पुन्हा पुन्हा सांगण्याचे श्रम वाचतात.

महाग चुका

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते, भिक्षा मागत फिरत होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या भागात मोबाइलवरून पसरलेली होती. त्या वर्षी देशात अनेक ठिकाणी अशाच अफवांनी माणसे मारली. मुले पळवल्याची म्हणून सर्वत्र फिरलेली एक चित्रफीत तर मुळात कराचीतील एका संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी केलेली जाहिरात होती. तिचा खुलासा करणारा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. ती पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांचा हेतू वाईट नव्हता. आपल्या नात्यातील मुले सुरक्षित राहावीत, एवढाच होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, असे बंधन घातले आणि पुढील जानेवारीत ते जगभर लागू केले. एप्रिल २०२० पासून, पुष्कळदा फिरून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा संदेशावर दोन बाणांची खूण असते. या दोन बाणांचा अर्थ नवशिक्याने पहिल्याच आठवड्यात शिकावा: हा मजकूर पाठवणाऱ्याने लिहिलेला नाही, पाच किंवा अधिक हातांतून तो आलेला आहे. भाऊजींनी पाठवला म्हणून तो भाऊजींच्या शब्दाएवढा खरा ठरत नाही. केंद्र सरकारच्या योजनांविषयी किंवा आदेशांविषयी शंका असेल तर पत्र सूचना कार्यालयाचा ‘फॅक्ट चेक’ विभाग ८७९९७११२५९ या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर विचारणा स्वीकारतो. इतर बाबतींत दोन विश्वासार्ह वृत्तपत्रांत ती बातमी आहे का, ते पाहावे. नसेल तर संदेश आपल्यापाशीच थांबवावा. थांबवल्याने कोणाचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही.

गटप्रमुख होण्यास अनेक जण याच भीतीने नकार देतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी गटप्रमुखाला केवळ प्रमुख म्हणून गुन्हेगार धरता येत नाही. तरीही गटप्रमुखाला दुसऱ्याचा संदेश काढून टाकण्याची सोय आहे, ती वापरण्यास त्याने लाजू नये.

दुसरी महाग चूक पैशांची. भामट्यांच्या कथा रोज बदलतात. वीजबिल थकले, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, निवृत्तिवेतन बंद होणार, लग्नाची पत्रिका पाठवली आहे; पण मागण्या त्याच चार-पाच असतात. सहा आकडी संकेतांक सांगा, हे अ‍ॅप उतरवून घ्या, ही फाइल उघडा, पिन टाका, कोणाला सांगू नका. कथा लक्षात ठेवण्याचे कारण नाही, मागण्या ओळखल्या की पुरे. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. लग्नपत्रिकेच्या फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ ही तीन इंग्रजी अक्षरे असतील तर ती पत्रिका नव्हे, फोनमध्ये शिरणारे अ‍ॅप आहे. आणि ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार भारतीय कायद्यात नाही. गणवेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर कॅमेरा सुरू ठेवून घरातच बसायला सांगू लागला, तर तो पोलीस नाही एवढे नक्की. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये या फसवणुकीचा मुद्दाम उल्लेख केला होता, यावरून तिचा पसारा ध्यानात यावा. ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द ऐकताच फोन तोडून कोणाला तरी सांगावे.

पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसण्यात सर्वांत मोठे नुकसान आहे. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. रक्कम, वेळ, बँक आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा. चोराने पैसे पुढच्या खात्यांत फिरवण्यापूर्वी कळवले तर ते वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता असते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. अशा वेळी घरच्यांनी ‘तुम्हाला सांगितले होते ना’ हे वाक्य गिळावे. ते ऐकावे लागेल या भीतीने पुष्कळ जण मोलाचा पहिला तास वाया घालवतात.

स्वतःचे खाते सांभाळण्यासाठी एका संध्याकाळचे काम पुरे. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘अकाउंट’ विभागात दुहेरी पडताळणीची सोय आहे; तिथे सहा आकडी पिन ठरवावा आणि तो विसरल्यास उपयोगी पडावा म्हणून ईमेलचा पत्ता द्यावा. अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच उघडताना हा पिन विचारते, तेव्हा दचकू नये. फोनवरून कोणी माणूस विचारू लागला तरच दचकावे. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ या नावाखाली आपले खाते आणखी कोणत्या संगणकावर उघडे आहे ते दिसते. अनोळखी नाव दिसले तर ते तिथेच बंद करता येते.

ओळखीच्याच माणसाच्या नावाने आणि फोटोने पैशांची मागणी आली, तर उत्तर संदेशाने देऊ नये. जुन्या क्रमांकावर फोन करून आवाज ऐकावा. आवाजही आता यंत्राने हुबेहूब काढता येतो, म्हणून घरच्यांनी आपसात एखादा खासगी प्रश्न ठरवून ठेवावा. गेल्या चवथीला माटोळीत सर्वांत शेवटी कोणते फळ बांधले, हा तसा चांगला प्रश्न आहे. माटोळीचा फोटो फेसबुकवर टाकलेला असेल तर दुसरा शोधावा.